अ‍ॅडव्हर्ब नक्की कुठे ठेवायचं? मराठीत विचार करून इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी

माझ्याकडे संध्याकाळच्या बॅचला एक मुलगी येते, दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभी असते आणि सातला सुटली की तशीच क्लासला येते. मध्यंतरी ती एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेली होती. सगळं नीट चाललं होतं, मग समोरच्यांनी विचारलं की आम्ही तुम्हालाच का घ्यावं, तिला सांगायचं होतं की मी कष्टाने काम करते, आणि ती म्हणाली "सर, आय हार्डली वर्क". समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. का हसले ते तिला कळलंच नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. क्लासला आल्यावर तिने वाक्य जसंच्या तसं मला सांगितलं आणि विचारलं, मॅडम यात चुकलं काय, हार्डला एलवाय लावला की हार्डलीच होतं ना?

"आय हार्डली वर्क" म्हणजे मी जवळपास कामच करत नाही. तिला म्हणायचं होतं "आय वर्क हार्ड". एवढ्याशा वाक्यात दोन गोष्टी घडल्या, एक म्हणजे शब्द चुकीचा निवडला गेला कारण शाळेत सांगितलेलं असतं की शेवटी एलवाय लावला की अ‍ॅडव्हर्ब तयार, आणि दुसरी म्हणजे तो शब्द चुकीच्या जागी गेला कारण मराठीत आपण "कष्टाने काम करते" म्हणतो, कष्टाने आधी आणि काम करते नंतर. ही पोरगी अजिबात कच्ची नाही. ती मराठीत अगदी बरोबर विचार करत होती आणि तो विचार तसाच इंग्रजीत उतरला. मी जितकी वर्षं शिकवतेय त्यात अ‍ॅडव्हर्बच्या बहुतेक चुका अशाच होताना पाहिल्यात, म्हणून हे सगळं मी मराठीच्या बाजूने सांगणार आहे.

आधी नावापासून. मराठीत आपण क्रियाविशेषण म्हणतो, त्यामुळे वाटतं की याचा संबंध फक्त क्रियापदाशी. तसं नाहीये. "शी सिंग्ज ब्यूटिफुली" मध्ये ब्यूटिफुली क्रियापदाबद्दल सांगतं, ती कशी गाते. "द टी इज व्हेरी हॉट" मध्ये व्हेरी हा शब्द हॉटबद्दल सांगतो, म्हणजे विशेषणाबद्दल. "ही ड्राइव्ह्ज टू फास्ट" मध्ये टू हा फास्टबद्दल, म्हणजे अ‍ॅडव्हर्बच दुसऱ्या अ‍ॅडव्हर्बबद्दल सांगतंय. आणि "लकीली, द बस वॉज लेट" यात लकीली अख्ख्या वाक्याबद्दल आहे, नशीब की बस लेट होती. ओळखायचं कसं, तर वाक्याला प्रश्न विचारायचे, कसं, कुठे, कधी, कितीदा, किती. यातल्या एकाचं उत्तर देणारा शब्द सापडला की बहुतेक वेळा तेच अ‍ॅडव्हर्ब. व्याख्या पाठ करण्यात वेळ घालवू नका, हे पाच प्रश्न लक्षात ठेवा, पुरतात.

आता मराठीमुळे होणारी पहिली गडबड. आपण म्हणतो तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, ते चांगले खेळतात. इथे चांगला हा शब्द खेळण्याबद्दल सांगतोय, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं करतोय, पण लिंग वचनाप्रमाणे बदलतोय आणि दिसायला थेट विशेषणासारखा आहे. चांगला मुलगा यातला चांगला आणि चांगला खेळतो यातला चांगला, आपल्या कानाला दोन्ही एकच. म्हणून आपल्याला "ही इज अ गुड प्लेअर" आणि "ही प्लेज गुड" दोन्ही सारखंच बरोबर वाटतं. इंग्रजीत मात्र इथे शब्दच बदलतो, गुड प्लेअर पण प्लेज वेल. स्पेलिंगपेक्षा हा सवयीचा प्रश्न आहे, नामाच्या आधी गुड, क्रियापदाच्या मागे वेल. तोंडात बसेपर्यंत जोड्याच म्हणा, गुड कुक, कुक्स वेल, गुड ड्रायव्हर, ड्राइव्ह्ज वेल, गुड सिंगर, सिंग्ज वेल.

एलवायचं काय ते आता बघू. आपण शांत पासून शांतपणे करतो, धीट पासून धीटपणे, तसंच इंग्रजीत क्वाएट पासून क्वाएटली, ब्रेव्ह पासून ब्रेव्हली. या ली चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या देह किंवा रूप या अर्थाच्या शब्दात आहे, त्याच शब्दाच्या कुळातला आजचा लाइक, सारखा या अर्थाचा. म्हणजे ब्रेव्हली म्हणजे शूराच्या रूपात. फ्रेंचमध्ये याच कामाला जी शेपटी लागते तिचं मूळ लॅटिनमध्ये मन या शब्दात आहे, आपण आनंदी मनाने म्हणतो ना, अगदी तसंच. मला हे फार आवडतं, या दोन्ही भाषांनी कसं या प्रश्नाचं उत्तर देताना शरीराचा नाहीतर मनाचा आधार घेतलाय.

पण पणे जसा मराठीत सगळ्यांना लागत नाही तसाच ली पण इंग्रजीत सगळ्यांना लागत नाही. आपण कधी जोरपणे किंवा लवकरपणे म्हणतो का? तसंच फास्टली हा शब्द वापरायचा नाही. मुलं सर्रास "ही रन्स फास्टली" लिहितात आणि मी दर वर्षी तो शब्द खोडते. फास्ट विशेषण पण आहे आणि अ‍ॅडव्हर्ब पण, "अ फास्ट कार" आणि "ही रन्स फास्ट". हार्ड, लेट, अर्ली, स्ट्रेट हे पण त्याच पंगतीतले. उलट काही शब्दांच्या शेवटी ली आहे पण ते अ‍ॅडव्हर्ब नाहीत, फ्रेंडली, लव्हली, लोनली, सिली, ही सगळी विशेषणं. "ही टॉक्ड फ्रेंडली" नाही म्हणायचं, "ही टॉक्ड इन अ फ्रेंडली वे" म्हणायचं.

आणि या सगळ्यात खरी फसवणारी जोडी म्हणजे जिथे दोन्ही शब्द आहेत पण अर्थ वेगळे झालेत. हार्ड म्हणजे कष्टाने, हार्डली म्हणजे जेमतेम, जवळपास नाहीच. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ, शॉर्ट म्हणजे आखूड, शॉर्टली म्हणजे थोड्याच वेळात. "ही केम लेटली" लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं हा हल्ली हल्ली येऊन गेला, तुम्हाला तर सांगायचं होतं तो उशिरा आला. हाय आणि हायली पण तसेच, पतंग "हाय" उडतो आणि माणूस "हायली" एज्युकेटेड असतो. या पाच जोड्या एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा, बाकीच्यांची फार काळजी करू नका.

आता अजून एक जागा जिथे हुशार मुलं पण चुकतात, कारण ती नियम जास्तच पाळतात. एकदा क्रियापदाला अ‍ॅडव्हर्ब लावायचं हे डोक्यात बसलं की मग ती "द भाजी स्मेल्स नाइसली" लिहितात. चूक. इथे भाजी काही वास घेण्याचं काम करत नाहीये, भाजी कशी आहे ते आपण सांगतोय. युक्ती सोपी आहे, क्रियापद काढा आणि तिथे इज किंवा वॉज घालून बघा. "द भाजी इज नाइस", अर्थ लागतोय ना, मग विशेषणच हवं, "द भाजी स्मेल्स नाइस". आता हे बघा, "शी लुक्ड अँग्री" आणि "शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी". पहिल्यात वॉज घालून बघा, "शी वॉज अँग्री", बसतंय, म्हणजे ती चिडलेली दिसत होती. दुसऱ्यात वॉज घालून बघा, "शी वॉज अँग्रिली अ‍ॅट मी", कानाला खुपतंय, कारण इथे ती खरोखर बघतेय, माझ्याकडे रागाने बघतेय. दिसणं आणि बघणं हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत एकाच लुकवर भागतं, म्हणून ही मेहनत घ्यावी लागते. फील, साउंड, टेस्ट, सीम यांनाही हीच युक्ती लावा.

आता येते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जागा. एक वाक्य घ्या. मी काल रात्री गाडीत शांतपणे झोपले. यात क्रम काय आहे बघा, आधी कधी, मग कुठे, मग कसं आणि सगळ्यात शेवटी क्रियापद. आता इंग्रजी वाक्य, "आय स्लेप्ट पीसफुली ऑन द ट्रेन लास्ट नाइट". आधी क्रियापद, मग कसं, मग कुठे, मग कधी. मी पहिल्यांदा फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि बाणांनी जोडली तेव्हा सगळे बाण एकमेकांना कापत गेले आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, मॅडम हे तर आरशात बघितल्यासारखं आहे. अगदी तसंच आहे. कर्ता सोडा, तो दोन्हीकडे पहिला, बाकीचं मराठी वाक्य शेवटाकडून वाचत यायचं.

करून बघा. बाबा रोज सकाळी बागेत भराभर चालतात. शेवटाकडून घ्या, चालतात, भराभर, बागेत, सकाळी, रोज. "बाबा वॉक्स फास्ट इन द पार्क एव्हरी मॉर्निंग". झालं. पोरं काल ग्राउंडवर मस्त खेळली. खेळली, मस्त, ग्राउंडवर, काल. "द किड्स प्लेड वेल ऑन द ग्राउंड यस्टर्डे". नियम पाठ करायला गेलात की मॅनर प्लेस टाइम असं काहीतरी लक्षात ठेवावं लागतं आणि बोलताना ते हमखास विसरतं, पण आपलं मराठी वाक्य कुणी विसरत नाही, ते उलटं वाचणं जमतं.

यात कर्म आलं की जरा थांबा. ती इंग्रजी अस्खलित बोलते. हे सरळ उलटं केलं तर "शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश" होईल आणि ही चूक खूप ऐकायला मिळते. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये सहसा कुणाला घुसू द्यायचं नसतं, दोघं हात धरून चालतात. मग काय करायचं, आधी मराठीतच कर्म सरकवून क्रियापदाला चिकटवायचं, ती अस्खलित इंग्रजी बोलते, हे पण आपण म्हणतोच की. आता उलटं करा, बोलते, इंग्रजी, अस्खलित. "शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली". मला चहा खूप आवडतो चं पण तेच, "आय व्हेरी लाइक टी" अजिबात नाही, लाइक टी एकत्र आणि मग मागून व्हेरी मच, "आय लाइक टी व्हेरी मच". आणि जाणं, येणं अशी क्रियापदं असतील तर कुठे हे बहुतेक वेळा क्रियापदाला चिकटतं, "शी वेंट होम क्वाएटली", आधी होम. काल, उद्या, आज हे मात्र इंग्रजीत पण सुरुवातीला चालतात, "यस्टर्डे आय स्लेप्ट ऑन द ट्रेन" यात काही चूक नाही, फक्त मधे नका घालू, "आय यस्टर्डे स्लेप्ट" नाही.

मधे घालायचे शब्द वेगळे आहेत, ते कितीदा वाले. ऑलवेज, यूज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर. हे सहसा मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, "ही ऑलवेज कम्स लेट". पण इज, अ‍ॅम, आर, वॉज असेल तर त्याच्या नंतर, "ही इज ऑलवेज लेट". आणि हॅव, विल, कॅन असा मदतनीस असेल तर पहिल्या मदतनीसाच्या मागे, "आय हॅव नेव्हर सीन द सी", "शी विल ऑलवेज हेल्प यू". इथे मराठीची मदत होते कारण आपण पण तो नेहमी उशिरा येतो असंच म्हणतो, नेहमी आधीच येतं. पण एव्हरी डे, ट्वाइस अ वीक अशी लांब शेपटी असेल तर ती शेवटी जाते, "आय गो टू द मार्केट ट्वाइस अ वीक". आणि एव्हरी डे हे दोन शब्द आहेत बरं का, जोडून लिहिलं की ते विशेषण होतं, रोजच्या वापरातलं या अर्थाचं, "एव्हरीडे क्लोद्ज" म्हणजे रोज घालायचे कपडे.

नेव्हर बद्दल एक वेगळं सांगते. मराठीत कधीच म्हटलं की पुढे नाही म्हणावंच लागतं, मी कधीच खोटं बोलत नाही, नाही काढलं तर वाक्यच पडतं. त्यामुळे आपली मुलं "आय नेव्हर डोन्ट लाय" म्हणतात, आणि याचा अर्थ सरळ लावला तर मी कधीच खोटं न बोलता राहत नाही असा भलताच निघतो. इंग्रजीत नेव्हर च्या पोटात नाही आहे. "आय नेव्हर लाय", संपलं. हार्डली आणि रेअरली च्या पोटात पण तो नाही लपलेला आहे, म्हणून "आय कॅन हार्डली हिअर यू", कान्ट नाही म्हणायचं. फोनवर आवाज तुटत असला की हे वाक्य वापरा, पक्कं बसेल.

आपला अजून हा एक शब्द इंग्रजीत किती ठिकाणी फुटतो ते पाहिलं की गंमत वाटते. तो अजून झोपलाय, "ही इज स्टिल स्लीपिंग". तो अजून आला नाही, "ही हॅजन्ट कम येट". अजून एक पोळी वाढ, "वन मोअर". म्हणजे जे चालू होतं ते अजून चालूच आहे, तर स्टिल. जे व्हायला हवं होतं ते अजून झालं नाही, तर येट, आणि ते वाक्याच्या शेवटी. "ही स्टिल हॅजन्ट कम" असंही म्हणतात, बरोबर आहे, पण त्यात वाट बघून कंटाळल्याचा सूर येतो, अजूऽन आला नाही हा, असा. साहेबांना मेल लिहिताना "यू स्टिल हॅव नॉट रिप्लाइड" लिहिलं तर ते टोचतं, म्हणून तिथे येटच बरं. आणि ठरलेल्या किंवा वाटलेल्या वेळेच्या आधीच झालं की ऑलरेडी, "शी हॅज ऑलरेडी लेफ्ट", ती कधीच गेली. बघा, हा कधीच आणि मघाचा कधीच, मराठीत शब्द एक पण इंग्रजीत एकदा ऑलरेडी आणि एकदा नेव्हर. शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं की असा घोळ होतो, म्हणून आधी अर्थ धरा.

पूर्वी बद्दल तर मला हात जोडून सांगावंसं वाटतं. मी तीन वर्षांपूर्वी पुण्यात आले. "आय केम टू पुणे बिफोर थ्री इयर्स" हे मी रोज ऐकते, इंग्रजीत उत्तम बोलणाऱ्या लोकांकडून सुद्धा. आजपासून मागे मोजायचं असेल तर अगो, आणि तो आकड्याच्या मागे, "थ्री इयर्स अगो". आपलं पूर्वी पण तीन वर्षांच्या मागेच येतं ना, तीन वर्षां पूर्वी, थ्री इयर्स अगो, इथे तर आरसा पण लागत नाही, सरळ ठेवा. बिफोर कधी, तर गोष्ट सांगताना भूतकाळातल्या एखाद्या क्षणापासून आणखी मागे मोजायचं असेल तेव्हा. लग्नात भेटलेला माणूस मला ओळखीचा वाटला, त्याला मी तीन वर्षं आधी भेटले होते, "आय हॅड मेट हिम थ्री इयर्स बिफोर".

आता च. मला वाटतं मराठीतला सगळ्यात ताकदवान प्रत्यय हाच, एका अक्षरात किती काम करतो. मीच सोमवारी भात खाते, म्हणजे घरातलं दुसरं कुणी खात नाही. मी सोमवारीच भात खाते, म्हणजे इतर वारी नाही. मी सोमवारी भातच खाते, म्हणजे पोळी नाही. मी सोमवारी भात खातेच, म्हणजे काही झालं तरी खाते. पहिल्या तिघांना इंग्रजीत ओन्ली लागतो, पण च शब्दाच्या मागे चिकटतो आणि ओन्ली शब्दाच्या पुढे उभा राहतो. ओन्ली आय, ओन्ली ऑन मंडेज, ओन्ली राइस. पुन्हा आरसाच. "ओन्ली आय ईट राइस ऑन मंडेज", "आय ईट राइस ओन्ली ऑन मंडेज", "आय ईट ओन्ली राइस ऑन मंडेज". चौथ्यात ओन्ली चालतच नाही, तिथे "आय डेफिनेटली ईट राइस ऑन मंडेज" म्हणायचं.

आपण काय करतो, च सारखा ओन्ली पण मागे चिकटवतो. "आय केम यस्टर्डे ओन्ली", "ही इज माय ब्रदर ओन्ली". भारतात सगळ्यांना हे कळतं आणि मी कुणाला यावरून कमी लेखत नाही, आपली भाषा त्यात बोलतेय, पण बाहेरच्या क्लायंटशी बोलायचं असेल, मुलं परदेशी शिकायला जाणार असतील तर समोरचा गोंधळतो. कालच आले ला "आय केम जस्ट यस्टर्डे" किंवा "ओन्ली यस्टर्डे". "टुडे इटसेल्फ" चं पण असंच, आजच पाठवते हे नुसतं "आय विल सेंड इट टुडे" म्हटलं तरी चालतं, आवाजात टुडे वर जोर दिला की तोच आपला च. बोलताना इंग्रज लोक पण बऱ्याचदा ओन्ली क्रियापदाच्या आधी ठेवून जोर देऊन भागवतात, "आय ओन्ली ईट राइस ऑन मंडेज" आणि मंडेज वर जोर, पण लिहिताना आवाज नसतो. म्हणून मेलमध्ये ज्याला च लावायचाय त्याच्याच पुढे ओन्ली ठेवा. "आय सेंट ओन्ली द फर्स्ट पेज टू हिम" आणि "आय सेंट द फर्स्ट पेज ओन्ली टू हिम", पहिल्यात पानं कमी गेली, दुसऱ्यात माणसं. ऑफिसमध्ये या फरकावरून भांडणं झालेली मी ऐकलीयेत. सुद्धा चं पण तेच तत्त्व, राजूसुद्धा म्हणजे "ईव्हन राजू", ईव्हन पुढे.

खूप साठी आपण सरसकट टू वापरतो, "द फिल्म वॉज टू गुड". मित्रांमध्ये बोलताना ठीक आहे, पण टू म्हणजे प्रमाणाबाहेर, नको इतकं. "द टी इज टू हॉट" म्हणजे इतका गरम की पिता येत नाही, "व्हेरी हॉट" म्हणजे नुसता कडक गरम. बोर्डाच्या पेपरला टू काढून वाक्य पुन्हा लिहा असं विचारतात ना, "द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट", त्यात कॅनॉट कुठून उगवतं असं मुलं विचारतात, ते टू च्या पोटातलंच नाही आहे. हे एकदा कळलं की तो प्रश्न पाठ करावा लागत नाही. इनफ मात्र मागे उभा राहतो, "फास्ट इनफ", "ओल्ड इनफ", "इनफ फास्ट" नाही.

हळूहळू, लवकर लवकर, सावकाश सावकाश हे आपलं दोनदा म्हणणं गोड आहे, पण इंग्रजीत "स्लोली स्लोली" म्हटलं की मुलाला दटावल्यासारखं वाटतं. हळूहळू सवय झाली साठी ग्रॅज्युअली किंवा "लिटल बाय लिटल" वापरा. रिटर्न मध्ये परत आहेच, म्हणून "रिटर्न बॅक" नको, रिपीट मध्ये पुन्हा आहेच म्हणून "रिपीट अगेन" नको.

बारावीच्या मुलांना अजून एक लागतं, नेव्हर, हार्डली किंवा नो सूनर वाक्याच्या सुरुवातीला आणलं की पुढे प्रश्नासारखा क्रम होतो. "नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड", "नो सूनर डिड ही सिट डाउन दॅन द लाइट्स वेंट आउट". नो सूनर बरोबर दॅन आणि हार्डली बरोबर व्हेन, याच्यात अदलाबदल करू नका. रोजच्या बोलण्यात याची गरज पडत नाही, पेपरापुरतं पक्कं करा. आणि होपफुली वाक्याच्या सुरुवातीला वापरू का असं विचारणाऱ्यांना, बिनधास्त वापरा. जुने पंडित त्याला विरोध करायचे, पण अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकने सुद्धा 2012 मध्ये ते मान्य केलंय. फक्त अ‍ॅक्च्युअली आणि बेसिकली ने प्रत्येक वाक्य सुरू करणं सोडा, इंटरव्ह्यूत उत्तराच्या आधी चार सेकंद गप्प राहिलात तरी त्यापेक्षा चांगलं दिसतं.

सराव कसा करायचा विचाराल तर रोज रात्री दिवसभराबद्दल पाच मराठी वाक्यं लिहायची, पण त्यात कधी, कुठे, कसं हे तिन्ही हवंच. मग कर्म असेल तर क्रियापदाला चिकटवायचं, क्रियापदावर बोट ठेवायचं आणि उलट्या दिशेने बोट सरकवत मोठ्याने इंग्रजीत म्हणायचं. बोट खरंच ठेवा, माझ्या बॅचमध्ये जे बोट ठेवतात त्यांना आठवड्याभरात फरक जाणवतो आणि जे नुसतं मनात करतात ते रेंगाळतात. नंतर ती पाच वाक्यं फोनमध्ये रेकॉर्ड करून सकाळी ऐका, जिथे कान अडकेल तिथे पुन्हा म्हणा. इंग्रजी पेपर येत असेल तर एका बातमीतली सगळी अ‍ॅडव्हर्ब पेन्सिलने गोल करा आणि फक्त जागा बघा, अर्थ नंतर. त्या मेडिकलच्या दुकानातल्या मुलीने पहिल्या दिवशी वहीत काय लिहिलं ते मला अजून आठवतं, मी आज दिवसभर दुकानात कष्टाने काम केलं. तिने बोट ठेवलं, मागे सरकवत आणलं आणि म्हणाली, "आय वर्क्ड हार्ड इन द शॉप ऑल डे टुडे". मग तिने माझ्याकडे न बघता वहीत हार्डलीवर काट मारली.